रिंगेच्या मागचा अंगठा

"आज्जी, तुझ्या केसातला आकडा दे गं जरा."

निकिताने मान वर न करताच हात पुढे केला. मी आकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. अंबाडा सुटला, तो एका हाताने धरून तिथेच उभी राहिले. पुढे काय होते ते मला बघायचे होते.

सतरंजीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर एक काळा डबा होता. विटेपेक्षा थोडा मोठा. एका बाजूला जाळी, जाळीच्या आत पंखा, दुसऱ्या बाजूने वायरींचा झुबका बाहेर आलेला. असा डबा टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पोटात असतो आणि भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देतो. निकिताच्या दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. हा हजार वॅटचा होता, भारीतला भारी.

निकिता माझ्या मुलीची मुलगी. तिची आई जयमाला दवाखान्यात नर्स आहे, म्हणून पोर लहानपणापासून माझ्याजवळच वाढली. सावेडीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती दीड वर्ष बिलाच्या काउंटरवर बसत होती. पुण्याच्या एका कंपनीने या डब्याचे दोन नमुने पाठवले, तेव्हा सचिनशेठ तिला म्हणाले होते, "एक शोकेसात राहू दे, एक तू घरी ने. तपास, उघड, मोडला तरी चालेल. शनिवारी सकाळी मला कागदावर लिहून दे, माल घ्यायचा की नाही. नीट जमलं तर बिलावर दुसरं कोणी बसवतो, तू मागच्या टेबलावर ये."

मागचे टेबल म्हणजे कॉम्प्युटर जुळवण्याचे. दीड वर्षात तिने त्या टेबलाचे नाव किती वेळा घेतले असेल, ते मला माहीत आहे. आज गुरुवार होता.

"अजूदादा, तुझं झालं का?"

"झालं की. नऊच्या नऊ लावले."

अजिनाथ आमच्याच गल्लीतला, टेम्पोचे वायरिंग करणारा. त्याने प्लायवूडच्या फळीवर टेम्पोच्या हेडलाइटचे नऊ बल्ब ओळीने बसवून आणले होते. प्रत्येक शंभर वॅटचा. मोठ्या कंपन्यांत डब्यावर भार टाकायचे मशीन असते. त्याची किंमत ऐकून निकिताने तो नाद सोडला. मग तिला हेडलाइट सुचले. डबा बारा व्होल्ट देतो आणि टेम्पोचा बल्ब बारा व्होल्टच खातो.

तिने चोवीस भोकांच्या कनेक्टरात दोन शेजारची भोके मोजून माझा आकडा खोचला. "आता याला वाटणार, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. लाव."

अजिनाथने सगळे खटके एकाच फटक्यात खाली पाडले. एकदा लख्ख झाले, टक् असा आवाज आला आणि सगळे विझले.

निकिताचा चेहरा उतरला. "गेला! पहिल्याच मिनिटाला घालवला मी."

"गेला न्हाई, भ्याला," अजिनाथ म्हणाला. "थंड बल्ब आधी उपाशावानी वढतो. तापला की मंग मापात खातो. नऊ जनांनी एकदम ताट वढलं, वाढपी पळाला. एकेक बसव पंगतीला."

निकिताने जरा विचार केला आणि तिचे तोंड उजळले. "म्हणजे याने स्वतःला वाचवलं. हा तर गुण झाला त्याचा!" तिने वहीत काहीतरी लिहिले. "परत लाव. एक-एक."

एक बल्ब लागला. दोन लागले. तीन, चार. सकाळचे अकरा वाजले होते, दार उघडे होते, तरी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीची काच झळकायला लागली. डिसेंबरची थंडी होती. खोलीत अशी ऊब पसरली की मी शाल काढून ठेवली.

"चांगुणे! लगीन हाय का गं घरात? दिवसाढवळ्या एवढी लायटिंग?"

शेजारची बनुबाई दारात उभी होती. तिच्या मागून तिचा कुत्रा टिल्या आला, कुणाला न विचारता बल्बांसमोर गेला आणि पाय पसरून पडला.

"नातीचं काम चाललंय. बस."

"बसती. शेकोटी लई झ्याक हाय तुमची." तिने दोन्ही हात बल्बांकडे केले. "लाइट बिल कोन भरनार, तुझा शेठ का?"

"बनूआजी, हलू नका, वायर आहे," निकिता म्हणाली. ती मीटरकडे बघत होती. "बारा पॉइंट शून्य पाच. पाच बल्ब लागले तरी हलला नाही."

"हलला न्हाई म्हंजे?" मी विचारले.

"बारा व्होल्ट म्हणजे बाराच राहायला पाहिजेत. ओझं वाढलं की हलका माल खाली बसतो. साडेअकरा, अकरा. हा बसत नाही."

"आमच्या बॅटरीनं असं केलं ना, तर मी तिला नारळ फोडीन," अजिनाथ म्हणाला.

सहावा बल्ब लागला. सातवा लागला आणि निकिताचा हात हवेत थांबला.

"हे काय?"

"काय?"

"आवाज. चिर्रर्र. बारीक. आज्जी, येतोय का?"

मी कान पुढे केला. मला काहीच ऐकू आले नाही. बनुबाईलाही नाही. अजिनाथ म्हणाला, "मला जरासा येतोय. कानात डास शिरल्यावानी."

निकिताने सातवा बल्ब बंद केला. "थांबला." पुन्हा लावला. "आला." तिचे बोलणे मला पुरेसे वाटले नाही, पण टिल्याने साक्ष दिली. सातवा बल्ब लागला की त्याचे दोन्ही कान उभे राहत. विझवला की पडत. तिसऱ्या वेळी तो उठला, डब्याकडे बघून एकदा गुरगुरला आणि ऊब सोडून दाराबाहेर जाऊन बसला.

"टिल्यानं नापास केला," अजिनाथ म्हणाला. सगळे हसले. निकिता हसली नाही.

नऊ बल्ब लावून तिने अर्धा तास डबा चालवला. बाकी सगळे उत्तम होते. भिंतीतून नऊशे ऐंशी वॅट घेत होता आणि नऊशे बल्बांना देत होता, म्हणजे वाटेत फारच थोडे सांडत होते. पंखा हळू फिरत होता. पण तो बारीक आवाज काही जाईना.

"हे डबे रेकॉर्डिंगवाल्यांसाठी घ्यायचेत," ती म्हणाली. "राहात्याचा एक जण आहे, त्याच्या खोलीत पाल चुकचुकली तरी गाणं परत म्हणावं लागतं. आवाज करणारा भारी डबा त्याला काय कामाचा? नापासच लिहावा लागेल."

"उघडून तर बघ," मी म्हणाले.

डबा बंद केल्यावर लगेच उघडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. वायर भिंतीतून काढली तरी आत वीज दबा धरून बसते. निकिताने कुणाला जवळ येऊ दिले नाही. बराच वेळ थांबून, स्क्रू काढून, अजिनाथने दोन लांब वायरींनी घरातला साधा बल्ब आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला लावला. बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला. मीटर लावून शून्य बघितल्यावरच निकिता म्हणाली, "आता या."

मी चष्मा लावून वाकले. आणि माझ्या हातातून अंबाडा सुटला.

कपॅसिटरच्या शेजारी तांब्याच्या तारेची एक रिंग उभी होती. मोठ्या पेढ्याएवढी. तारेच्या शेवटच्या टोकाला पांढरा दोरा बांधलेला होता आणि त्या दोऱ्याची गाठ गोधडीची होती. तीन वेढे, आणि शेपूट मुरडून आत घातलेले.

"ही माझी गाठ हाय!"

"कुठली?"

"ही! निके, ही माझी गाठ हाय! बने, बघ की! ही रिंग आपल्या वर्कशॉपातली हाय!"

बनुबाईने कधी रिंग पाहिली नव्हती, तरी ती वाकून "व्हय गं व्हय" म्हणाली.

मी इथल्याच नागापूरच्या एका लहान वर्कशॉपात एकतीस वर्षे रिंगा भरल्या. रिंग भरायची म्हणजे काळ्या कड्यावर तांब्याची तार हाताने गुंडाळायची, वेढ्याला वेढा लावून. मशीन तेच काम करते, पण जाड तार मशीनला नीट ओढून बसवता येत नाही, बाईचाच हात लागतो. आम्ही सुरुवातीला नऊ जणी होतो आणि नऊपैकी आठ जणींना नाव लिहिता येत नव्हते. माल तपासताना ही रिंग कुणाची, ते कसे कळणार? म्हणून ज्या त्या बाईने आपापली गाठ ठरवली. रंगुबाईची दुहेरी गाठ, आणखी एकीची पाळण्याच्या दोरीची, माझी गोधडीची. पुढे मी चाळिशीत अक्षरे शिकले, सगळ्याच शिकल्या. मालाबरोबर नावाच्या चिठ्ठ्या जाऊ लागल्या. पण गाठी कुणी सोडल्या नाहीत. चिठ्ठी फाटते.

रिंगा कुठे जातात, हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितले नव्हते. विचारले की उत्तर यायचे, "पुण्याला." आज त्यातली एक पुण्याला जाऊन माझ्याच सतरंजीवर परत आली होती. मी अजिनाथला चहा, बनुबाईला चहा, टिल्यालासुद्धा बिस्किट दिले.

निकिता मात्र डब्याची चिठ्ठी वाचत होती. "आज्जी, हा यंदाच्या जुलैतला आहे."

"मंग?"

"तू घरी बसून चार वर्षं झाली."

चहाची कपबशी मी खाली ठेवली. मग मी पुन्हा वाकले आणि या वेळी गाठ न बघता तार बघितली. माझे वेढे उजवीकडे जातात. हे डावीकडे जात होते.

"सुरेखा," मी म्हणाले.

सुरेखा डावखुरी. मी शिकवलेली सगळ्यांत शेवटची. तिने गाठसुद्धा माझीच घेतली होती. "मावशी, तुमची रिकामी राहील, मी चालवती," असे म्हणून. दिवाळीत ती फराळ घेऊन आली, तेव्हा जाता जाता म्हणाली होती, "यंदा तार आणखी जाड झाली, तवापास्नं दोनदा रिंगा परत आल्या मावशी. का ते कळंना. मीटरवर तर बराबर भरत्यात. तिसऱ्यांदा आल्या की बाकडं जाईल, पॅकिंगला बसवत्यात."

मी रिंगेवरून नख फिरवले. धान्य निवडताना खडा लागावा, तसे शेवटच्या चार वेढ्यांवर नख अडकले. वेढे किंचित हलले. वॉर्निशने तार धरलेली होती, पण खाली पोकळी राहिली होती.

"निके, आवाज इथून येतोय. ह्ये वेढे सैल हायत. वीज चालली की थरथरत्यात."

निकिताने पेन उचलले. तिचा चेहरा आता दुसऱ्याच उजेडाने भरला होता. दोष आहे, हे कुणीही सांगेल. दोष कुठे आहे हे सांगणारा मागच्या टेबलावर बसतो. पण लिहिता लिहिता ती थांबली.

"आज्जी, मी हे लिहिलं तर कंपनी रिंग वर्कशॉपला परत पाठवणार."

"व्हय."

"आणि गाठ बघून..."

"तिसरी खेप," मी म्हणाले.

अजिनाथ भिंतीकडे बघायला लागला. निकिताने पेनचे टोपण लावले. "मग नुसतं 'थोडा आवाज येतो' असं लिहू? कुठून ते नको."

खरे सांगते, मला ते क्षणभर बरे वाटले. मग मला सुरेखाची दिवाळीत खाली गेलेली मान आठवली. आवाजाची जागा लपवली असती तर तिला कारण कधीच कळले नसते, आणि तिसरी नाही तर चौथी खेप आलीच असती.

"खोटं न्हाई लिहायचं. अर्धंबी न्हाई," मी म्हणाले. "पर तुला शनिवारी द्यायचंय ना? मंग आज लिहू नको. अजिनाथा, ही रिंग काढून दे मला."

अजिनाथने तापत्या इस्त्रीने, म्हणजे त्याच्या सोल्डरिंगच्या दांडीने, रिंग सोडवून दिली. मी ती पदरात बांधली आणि निघाले. निकिता चपला घालत मागे धावली. "आज्जी, केस तरी बांध! हा घे आकडा!"

वर्कशॉप घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. दारावर कानिफनाथ होता, माझ्या वेळचाच वॉचमन.

"मावशी! परत कामावर?"

"व्हय. पगार वाढला का?"

"न्हाई."

"मंग फक्त भेटायला आले."

आत वॉर्निशचा तोच वास होता. सुरेखाने मला बघून हातातले कडे खाली ठेवले. मी पदर सोडून रिंग तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलली, नख फिरवले. तिने एकदा खिडकीपाशी बसलेल्या दीपाकडे पाहिले. दीपा म्हणजे माल तपासणारी मॅडम.

"परत आली?" सुरेखा हळूच म्हणाली.

"अजून न्हाई. एक रिंग भर माझ्यासमोर."

मी नेहमीप्रमाणे तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. तिने तार घेतली. पोरीचा हात काय सांगू! एकेक वेढा असा बसत होता, जसे शिवणाऱ्या बाईचे टाके. पहिल्यापासून शेवटपर्यंत मला कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही. मग तिने दोरा घेतला, गोधडीची गाठ मारली, शेपूट मुरडले. माझीच गाठ, आरशात बघावी तशी.

"दे इकडं." नख फिरवले. शेवटचे चार वेढे हलले.

"मावशी, तुमी शिकवलं तसंच करते मी. अगदी तसंच."

निकिता माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "आज्जी, आता तू भर. मला बघू दे."

चार वर्षांनी मी तार हातात घेतली. बोटांना काहीच विचारावे लागले नाही. गाठीपाशी आले तशी निकिता वाकून, वळून सुरेखाच्या बाजूला गेली. परत माझ्या बाजूला आली. पुन्हा सुरेखाच्या बाजूला गेली.

"सुरेखामावशी, तुम्हाला तिथून आज्जीचा अंगठा दिसतो?"

"कुठला अंगठा?"

"तेच तर. इकडे या."

सुरेखा उठून माझ्या शेजारी आली. मी गाठ मारत होते आणि माझा एक अंगठा रिंगेच्या मागून शेवटच्या चार वेढ्यांना दाबून धरत होता. हे मी कधी कुणाला सांगितले नव्हते, कारण मलाच ते ठाऊक नव्हते. अंगठा आपला आपण तिथे जात होता. दोरा आवळताना तार उचलते, म्हणून तो मागून दाबायचा. आणि मी सुरेखाला समोर बसवून शिकवले. डावखुरी आहे, समोरून आरशासारखे बरोबर दिसेल, असे माझे डोके. सगळे बरोबर दिसले, फक्त रिंगेच्या मागचा अंगठा दिसला नाही.

सुरेखाने माझा अंगठा हातात धरून उलटसुलट केला. त्याच्या पोटावर तारेने पाडलेली खाच आहे, कधीच न भरलेली. तिने स्वतःचा अंगठा त्याशेजारी धरला. गुळगुळीत होता.

"आठ वर्सं!" ती ओरडली. "आठ वर्सं अंगठा लपवून ठेवला व्हय मावशी!"

"मी कशाला लपवू? त्यो मलाच न्हाई कधी भेटला!"

सगळ्या बायका उठल्या. जिला तिला माझा अंगठा बघायचा होता. रंगुबाई अजून तिथेच होती. ती म्हणाली, "एकतीस वर्सं शेजारी बसले, मला वाटायचं हिचा अंगठा दुखतोय." हशा एवढा झाला की दीपामॅडम आली.

मी उभी राहिले. "मॅडम, सुरेखाच्या रिंगा परत येत्यात, ती चूक माझी हाय. शिकवताना झालेली. तिच्या नावावर लिहू नका." आणि जे घडले ते सांगितले. हेही सांगितले की माझी नात शनिवारी खरे ते लिहून देणार आहे.

दीपाने माझ्याकडे बघितले, मग सुरेखाच्या ट्रेमधल्या रिंगा एकेक करून नखाने तपासल्या. ती कडक बाई, पण तिच्या ओठाचा कोपरा हलत होता.

"मावशी, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आणि आज आल्या आल्या तीस नग रिजेक्ट केलेत."

"मंग काय करनार. सवय."

"सुरेखा," दीपा म्हणाली, "या रिंगा उकल आणि परत भर. मागच्या दोन खेपा तुझ्या पाटीवरून पुसते. आणि मावशी, आता आलाच आहात तर संध्याकाळपर्यंत बसा."

मी बसले. या वेळी स्टूल सुरेखाच्या समोरून उचलून शेजारी ठेवले. पहिल्या दोन रिंगांत तिचा अंगठा चुकला. तिसरीत बसला. तिने नख फिरवले, मी फिरवले, रंगुबाईने फिरवले. काही हलले नाही. ती रिंग वॉर्निशमध्ये बुडवून रात्रभर भट्टीत ठेवली.

शुक्रवारी दुपारी सुरेखा जेवणाच्या सुट्टीत स्वतःच ती घेऊन आली. अजून कोमट होती. अजिनाथने डब्यात बसवली. निकिताने चार वेळा तपासले, झाकण लावले, स्क्रू लावले, आणि हात पुढे केला.

"आकडा."

मी काढून दिला.

बनुबाई टिल्याला मुद्दाम घेऊन आली होती. "परीक्षक आनलाय," ती म्हणाली. टिल्या पहिल्या बल्बालाच जागा बघून पडला. दोन, तीन, चार. सुरेखा माझा हात धरून बसली होती. तिचा अंगठा लाल झाला होता, खाच पडायला सुरुवात झाली होती. पाच. सहा.

"सात," अजिनाथ म्हणाला आणि खटका पाडला.

मला ऐकू येणार नव्हते हे मला ठाऊक होते. त्या वरच्या पट्टीतले आवाज माझ्यासाठी केव्हाच संपले. म्हणून मी डब्याकडे बघितलेच नाही. मी टिल्याच्या कानाकडे बघत होते. बनुबाईही तिकडेच बघत होती, आणि सुरेखाही.

टिल्याचा एक कान हलला. सुरेखाने माझा हात आवळला. टिल्याने त्या कानाला मागच्या पायाने खाजवले, हनुवटी पंजावर ठेवली आणि डोळे मिटले.

"नाही," निकिता कुजबुजली. "काहीच नाही. आज्जी, काहीच नाही!"

आठ. नऊ. खोलीत एवढा उजेड झाला की आमच्या सगळ्यांच्या तोंडावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या. टिल्या घोरायला लागला. बनुबाई म्हणाली, "आता ह्याचा आवाज लिही तुझ्या कागदात," आणि सुरेखा हसता हसता रडली, रडता रडता कामावर पळाली. सुट्टी संपली होती.

संध्याकाळी निकिताने अहवाल लिहिला. पाच पाने झाली. मी वाचला, हळूहळू, बोट ठेवून. त्यात पहिल्या दिवशीचा आवाज होता, तो कुठून येत होता ते होते, सैल वेढे होते, आणि वेढे घट्ट केल्यावर आवाज गेला हेही होते. कंपनीने रिंगा नखाने तपासून घ्याव्यात, मग दुकानाने माल जरूर घ्यावा, असे शेवटी लिहिले होते. कुणाचे नाव नव्हते. खोटेही काही नव्हते.

शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा पाने हातात सुटीच होती. "दुकानात स्टेपलर आहे," ती म्हणाली.

"थांब. वाऱ्यानं उडतील."

मी सुई आणली, पांढरा दोरा ओवला. पाने सारखी केली, कोपऱ्यात भोक पाडले. निकिता समोर उभी होती. घड्याळ बघून ती म्हणाली, "आज्जी, शिकव ना मला ही गाठ. पटकन."

"पटकन न्हाई येत. ये."

ती समोर बसायला लागली. मी सतरंजीवर माझ्या शेजारी थाप मारली. ती उठली, इकडे आली, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मी तीन वेढे घेतले, शेपूट मुरडले, आणि पानांच्या मागून अंगठा दाबून धरला, तिला दिसेल असा.